कुठे तेल मुरते आहे?

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण असतो. आपल्या दिवाळीसारखाच तोही खाण्यापिण्याचा आणि घरी परतणाऱ्या मुलाबाळांचा सण. २०२१ साली हा सण होऊन दोनतीन दिवस झाले होते. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर, पर्ल हार्बरच्या आसपास, अमेरिकन सैन्यातील कुटुंबांच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. तेथल्या स्वयंपाकघरांत उरल्यासुरल्याची आवराआवर चालली असता घरोघरी एकच शंका डोकावू लागली. नळाच्या पाण्याला वास येतो आहे. आणि वास कसला, तर रॉकेलचा!

पेला उजेडात धरला की पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसे. मुलांच्या अंगावर पुरळ उठू लागले, कोणाला मळमळ, कोणाचे डोके दुखते, कुत्र्यामांजरांनीही पाण्याला तोंड लावायचे सोडले. तक्रारींचे फोन खणखणू लागले. यावर तळाच्या प्रमुख अधिकाऱ्याने रहिवाशांना कळविले की, पाणी असुरक्षित असल्याचे काही चिन्ह नाही, आम्ही स्वतः तेच पाणी पितो आहोत. पुढे या विधानाबद्दल त्याला माफी मागावी लागली. कारण ज्या विहिरीतून हे पाणी येत होते तिच्यात खरोखरीच विमानाचे इंधन उतरले होते, आणि त्या नळयोजनेवर सुमारे ९३,००० माणसे अवलंबून होती.

विमानाचे इंधन म्हणजे फार काही अद्‌भुत पदार्थ असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते रॉकेलचेच सख्खे भावंड आहे. माझ्या वयाच्या वाचकांना रॉकेलची ओळख करून देण्याची गरज नाही. रेशनच्या रांगेतून आणलेला डबा, नरसाळे, स्टोव्हची पिन आणि आईची ती सक्त ताकीद : “रॉकेलचा हात पिठाला लावू नकोस!” एवढासा हात लागला तर सगळी पोळी वाया जाई. कणकेला लागलेला तो वास कितीही मळली तरी जात नसे. ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकाचे तेल, या शब्दाचे मराठीने रॉकेल केले. खडकातून काढलेले हे तेल माणसाने पुन्हा खडकात कसे नेऊन मुरवले, आणि ते शोधताना कोणाकोणाची भंबेरी उडाली, त्याची ही हकीकत आहे.

आपल्याकडे एखाद्या व्यवहारात काळेबेरे वाटले की आपण म्हणतो, “इथे कुठेतरी पाणी मुरते आहे.” मराठी शिकवताना हा वाक्प्रचार मी मुलांना अनेकदा समजावून दिला आहे. परंतु त्याचा शब्दशः अर्थ इतका भयंकर असू शकेल, हे हवाईची ही कथा वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

पर्ल हार्बरवर जपानी बाँब पडले ते डिसेंबर १९४१ मध्ये. पण त्याच्या आधीच, १९४० च्या अखेरीस, आरमाराने एक गुप्त काम हाती घेतले होते. बंदरावरच्या उघड्या टाक्यांतले तेल शत्रूच्या विमानांना सहज दिसणारे होते. तेव्हा ते डोंगराच्या पोटात न्यावयाचे ठरले. बंदरापासून जवळच रेड हिल, म्हणजे तांबडी टेकडी, नावाची एक लांबट सोंड आहे. तिच्या पोटात एकूण २० टाक्या कोरण्यात आल्या. आडव्या नव्हेत, उभ्या. एकेक टाकी २५० फूट उंच व १०० फूट रुंद. पंचवीस मजली इमारत जमिनीत उभी पुरली आहे अशी कल्पना करा, आणि अशा वीस! एका टाकीत १ कोटी २५ लाख गॅलन, म्हणजे पावणेपाच कोटी लिटरच्या आसपास तेल मावे. आतून पाव इंच जाडीचा पोलादी पत्रा आणि त्यामागे काँक्रीट. टेकडी उंचावर, बंदर खाली. त्यामुळे पंपाचीही गरज नाही. झडप उघडली की तेल बोगद्यातील नळांतून आपल्या वजनाने बंदरापर्यंत धावत जाई. १९४३ मध्ये काम पुरे झाले. पुढे कित्येक वर्षे बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. १९९५ साली अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने त्याला ऐतिहासिक वास्तू म्हणून मानही दिला. काम होतेच तसे. त्या कारागिरीला नावे ठेवण्याची माझी प्राज्ञा नाही.

फक्त एक गोष्ट होती. त्या टाक्यांच्या बुडापासून साधारण १०० फूट खाली ओआहू बेटाचा गोड्या पाण्याचा मुख्य साठा होता. होनोलुलु शहर ज्या पाण्यावर जगते तो.

पावसाचे पाणी डोंगरावर पडते आणि लाव्हाच्या काळ्या खडकातून झिरपत झिरपत वर्षानुवर्षांनी त्या साठ्यात उतरते. खडकाने गाळलेले ते पाणी इतके निर्मळ की त्याला फारसे शुद्ध करावेही लागत नाही. पण ज्या वाटेने पाणी उतरते त्या वाटेने तेलही उतरू शकते. पृथ्वी दोघांना वेगळी वागणूक देत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये ५ नंबरच्या टाकीची दुरुस्ती होऊन ती पुन्हा भरण्यात आली आणि तेलाची पातळी उतरू लागली. सुमारे २७,००० गॅलन, म्हणजे एक लाख लिटरच्या आसपास तेल नाहीसे झाले होते. दुरुस्ती करणाऱ्याने पत्र्याला मारलेले जोड सदोष निघाले. ते लाखभर लिटर गेले कोठे? उत्तर एकच होते : खडकात. पुढल्या वर्षी आरमार, केंद्रीय पर्यावरण संस्था आणि हवाईचे आरोग्यखाते यांच्यात एक करार झाला. टाक्या सुधारायच्या, देखरेख वाढवायची, अभ्यास करायचा. होनोलुलुच्या पाणीपुरवठा मंडळाचे प्रमुख अर्नी लाउ हे गृहस्थ मात्र सतत सांगत राहिले की, पाण्याच्या डोक्यावर तेलाचा साठा ठेवणे हेच मुळात चुकते आहे. म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यातल्या माणसाचे आरमारापुढे काय चालणार? अभ्यास चालू राहिला.

आता या कथेतला तो भाग, जो वाचून मी पुस्तक मिटून बसलो.

६ मे २०२१. तेल एका ठिकाणाहून दुसरीकडे सोडताना झडपा उघडण्याचा ठरलेला क्रम पाळला गेला नाही. दाबाचा तडाखा बसून बोगद्यातला नळ निखळला आणि तेल उसळून बाहेर आले. चौकशी झाली. काही महिन्यांनी जाहीर करण्यात आलेला आकडा असा होता : १,६१८ गॅलन तेल सांडले, आणि त्यातले ३८ गॅलन सोडून बाकी सारे परत मिळवले. अडतीस! दूधवाल्याच्या वहीतही इतका चोख हिशेब सापडणार नाही.

परंतु त्याच दिवशी टाकीच्या खात्यात सुमारे २०,००० गॅलनांची तूट दिसत होती. ती कोणाला दिसली नाही असे नव्हे. दिसली, पण तिचा अर्थ लावण्यात आला. मोकळे झालेले नळ पुन्हा भरण्यात ते तेल गेले असावे, अशी समजूत करून घेण्यात आली. वस्तुस्थिती अशी होती की, सांडलेले तेल बोगद्यातील खळग्यांत साचले, तेथले आपोआप चालणारे पंप सुरू झाले, आणि त्यांनी ते आग विझवण्याच्या यंत्रणेच्या सांडपाण्याच्या एका प्लॅस्टिकच्या नळात ढकलले. छताजवळून जाणारा तो नळ तेलाच्या भाराने वाकला. वाकलेल्या अवस्थेत तो सहा महिने तसाच लटकत होता. खालून माणसे रोज ये-जा करीत होती.

२० नोव्हेंबर रोजी बोगद्यातून जाणारी एक ट्रॉली त्या वाकलेल्या नळाच्या तोटीवर आदळली आणि सहा महिने दडलेले तेल खाली कोसळले. बोगद्याच्या जमिनीतल्या निचऱ्यातून त्यातले काही थेट विहिरीकडे गेले. बाहेर सांगण्यात आले की, पाणी आणि तेल यांचे मिश्रण सांडले होते, ते गोळा केले आहे, पिण्याच्या पाण्याला धोका नाही. आणि आठवड्याभरात घरोघरच्या पेल्यांत तवंग दिसू लागला.

खात्यात जी तूट पडते ती कोठेतरी असतेच. वहीत नसेल तर जमिनीत असते. हे समजायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही, किराणा दुकानदारालाही ते कळते. पण तुटीला लगेच एखादे सोयीचे कारण चिकटवून ती बंद करून टाकणे हा माणसाचा स्वभाव आहे, आणि तो काही फक्त हवाईत आढळतो असे नाही.

रेड हिल ही राक्षसी गोष्ट झाली. तुमच्या-आमच्या घराजवळ असते ती तिची छोटी आवृत्ती. कोपऱ्यावरचा पेट्रोलपंप. वर छत, रंगीत यंत्रे, हवा भरायची नळी, आणि सिमेंटच्या फरशीखाली आडव्या निजवलेल्या टाक्या. २०,००० लिटरची टाकी ही आपल्याकडे नेहमीची. टँकर येतो, नळी जोडतो, निघून जातो. आपण गाडीत तेल भरतो आणि निघून जातो. खाली काय चालले आहे हे कोणी पाहत नाही, कारण पाहताच येत नाही.

पंपावर रोज टाकीची डिप घेतात. म्हणजे खुणा केलेली लांब दांडी टाकीच्या तोंडातून बुडापर्यंत सोडायची, ओल कोठवर आली ते पाहायचे आणि वहीत टिपायचे. काल इतके होते, टँकरने इतके आले, इतके विकले, म्हणजे आज इतके उरले पाहिजे. हल्ली पुष्कळ ठिकाणी हे काम टाकीत बसवलेली विजेची यंत्रेही करतात. हिशेब सरळ दिसतो. पण पेट्रोल हा फार अवखळ पदार्थ आहे. उन्हाने तो फुगतो, थंडीने आकसतो. वीस हजार लिटर पेट्रोल पाच अंशांनी थंड झाले तर शंभर लिटरच्या आसपास ‘कमी’ भरते, एक थेंबही न सांडता. शिवाय काही उडून जाते, यंत्राच्या मापात उणे-अधिक होते. आता समजा, टाकीखालच्या नळाच्या एका सांध्यातून दर सेकंदाला एक थेंब गळतो आहे. दिवसाला सव्वाचार लिटर झाले. वहीत हे चार लिटर कोठे दिसणार? शंभराच्या चढउतारात ते बिचारे बुडून जातात. पण वर्षाच्या अखेरीस जमिनीत दीड हजार लिटरहून अधिक पेट्रोल गेलेले असते. म्हणून जाणते लोक एका दिवसाच्या तुटीकडे पाहत नाहीत, महिन्याच्या बेरजेकडे पाहतात. उन्हाथंडीची चूक कधी अधिक येते, कधी उणे येते आणि फिटून जाते. गळतीची चूक नेहमी एकाच बाजूला असते.

टाकी गळते का? लोखंड ओल्या मातीत पुरले की गंजतेच. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या तशा गावोगाव साध्या पोलादी टाक्या पुरल्या गेल्या, आणि तीसेक वर्षांनी त्या एकामागून एक भोके पडून गळू लागल्या. १९८४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. १९८८ साली नियम झाले, जुन्या टाक्या सुधारायला किंवा काढायला २२ डिसेंबर १९९८ ही मुदत दिली. गळतीची जी प्रकरणे तेथे सिद्ध होऊन नोंदली गेली आहेत त्यांची संख्या साडेपाच लाखांच्या वर आहे. पुष्कळ वेळा टाकी धड असते आणि गळतो तो टाकीपासून यंत्रापर्यंत जाणारा नळ. आणि एक गंमत अशी की, काही टाक्यांना भोक पडते ते नेमके डिपच्या दांडीखाली. रोज, वर्षानुवर्षे, त्याच जागी दांडी टेकून टेकून पत्रा झिजतो. चोरी पकडण्यासाठी ठेवलेल्या रखवालदारानेच भिंतीला भोक पाडावे तसे. म्हणून आता त्या जागी टाकीच्या बुडाला जाड पट्टी लावतात.

बरे, चार थेंब पेट्रोल मातीत गेले तर एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून एक छोटा हिशेब करू. पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा एक घटक असतो. तो रक्ताचा कर्करोग उत्पन्न करतो हे सिद्ध झालेले आहे. आपल्याकडे भारत स्टेज सहाच्या नियमाप्रमाणे पेट्रोलमध्ये तो शेकडा एकापेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे एका लिटरमध्ये जास्तीत जास्त १० मिलिलिटर, वजनाने सुमारे पावणेनऊ ग्रॅम. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, एका ग्रॅमचे दहा लाख भाग करून त्यातले पाच. आता भागाकार करा. एका लिटर पेट्रोलातले सारे बेंझीन पाण्यात उतरले तर ते १७ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवील. चार माणसांच्या घराला रोज ५०० लिटर धरले तर हे साडेनऊ वर्षांचे पाणी झाले. सगळेच बेंझीन पाण्यात उतरत नाही हे खरे. पण दीड हजार लिटर गळलेले असताना ही सूट किती उपयोगाची?

तर मग जमिनीत मुरलेले हे तेल शोधायचे कसे?

पहिले यंत्र म्हणजे नाक. विहिरीच्या पाण्याला वास, तळघरात वास, गटाराच्या झाकणातून वास. थट्टा नव्हे, जगातील कित्येक गळत्या अशाच उघडकीस आल्या आहेत, आणि कित्येक या तक्रारीला ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावल्यामुळे लांबल्या आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ग्रीनपॉइंट म्हणून वस्ती आहे. तेथे १९५० मध्ये जमिनीखाली साठलेल्या वाफांचा स्फोट होऊन गटारांची झाकणे उडाली. तरी पुढे २८ वर्षे कोणी मुळाशी गेले नाही. १९७८ साली तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून एका माणसाला खाडीच्या काठातून तेल पाझरताना दिसले, तेव्हा शोध सुरू झाला. वस्तीखाली १ कोटी ७० लाख गॅलन तेल असावे असा अंदाज निघाला.

नाकानंतर वही. वहीनंतर टाकी व नळ बंद करून दाबाची परीक्षा. आणि मग माती. संशोधक गिरमिट घेऊन टाकीच्या भोवती भोके पाडतो आणि दर दोनतीन फुटांवरची माती काढून पाहतो. मूठभर माती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचे, थोडा वेळ उन्हात किंवा हाताच्या उबेत ठेवायचे, आणि मग पिशवीत वाफ मोजणाऱ्या यंत्राची नळी खुपसायची. यंत्राचा आकडा जेथे चढतो तेथली माती काचेच्या बरणीत काठोकाठ दाबून भरतात, वर हवेला जागा ठेवायची नाही, बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवायची. बरणी अर्धी भरली किंवा उघडी राहिली की बेंझीन उडून जाते आणि अहवाल निर्मळ येतो. अहवाल निर्मळ यावा अशी ज्याची इच्छा असते त्याला हे पक्के ठाऊक असते.

प्रयोगशाळेत तेलाचे घटक वेगळे करून त्यांचा आलेख काढतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा तो असतो. पेट्रोलचा वेगळा, डिझेलचा वेगळा, रॉकेलचा वेगळा. जुने झालेले तेल आणि ताजे तेल यांतही फरक दिसतो. “हे आमचे नव्हे, गॅरेजवाल्याचे असेल” या बचावाची तपासणी येथे होते.

मातीनंतर पाणी. पेट्रोल पाण्याहून हलके. ते खाली उतरत उतरत भूजलापर्यंत जाते आणि तेथे सायीसारखे पसरते. भूजल स्थिर नसते, उताराकडे हळूहळू सरकत असते, आणि विरघळलेले बेंझीन त्याच्याबरोबर जाते. ते कोणीकडे चालले आहे हे कळण्यासाठी निदान तीन निरीक्षण-विहिरी लागतात. तीन ठिकाणच्या पाण्याची पातळी मोजली की उतार निश्चित होतो. शाळेतल्या भूमितीत तीन बिंदूंनी प्रतल ठरते असे घोकले होते, त्याचा उपयोग मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी समजला.

आणि येथे ऋतूही फसवतो. पावसाळ्यात पाण्याची पातळी चढली की वर तरंगणारे तेल मातीच्या कणांत आणि फटींत पाण्याखाली अडकते, विहिरीत तवंग दिसेनासा होतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की तो पुन्हा हजर. तेव्हा ऑगस्टमध्ये एकदा पाहणी करून ‘काही आढळले नाही’ असा शेरा मारला तर तो शेरा खोटा नसतो, आणि खराही नसतो.

आता आपल्या घराकडे वळू. हवाईची ही कथा मला इतकी जवळची का वाटली? कारण तो डोंगर आणि आपला सह्याद्री जातभाई आहेत. दोन्ही लाव्हाचे. महाराष्ट्राची शेकडा ऐंशीहून अधिक भूमी याच काळ्या पाषाणाची आहे. विहीर खणणाऱ्यांना तिचे थर तोंडपाठ असतात. वर काळी किंवा तांबडी माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, मग अखंड पाषाण. मुरूम या शब्दाची व्युत्पत्ती काय असेल ती असो, मुरण्याचा गुण त्याच्या अंगी पुरेपूर आहे. आपल्या आडांचे आणि विहिरींचे झरे याच मुरमात आणि भेगांत असतात. काळी माती तर उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि पावसात फुगते, पुरलेल्या नळांना दरवर्षी ओढते आणि ढकलते.

वाळूत सांडलेले तेल कोठे जाईल याचा अंदाज बराचसा बांधता येतो. भेगाळ खडकात तो बांधता येत नाही. पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहील आणि भेगेच्या ओळीत आलेली दोन गल्ल्या पलीकडची बोअर नासेल. रेड हिलच्या खाली तेल नेमके कोणत्या दिशेने जाईल यावर आरमाराच्या तज्ज्ञांचे आणि सरकारी तज्ज्ञांचे अखेरपर्यंत जमले नाही. तेथे इतके पैसे आणि इतकी यंत्रे असून ही कथा, मग आपल्या सोसायटीच्या बोअरचे भविष्य कोण सांगणार?

हे नुसते कल्पनेचे भय नव्हे. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली लोकांच्या बोअरमधून पाण्याबरोबर तेल येऊ लागले. बंदराकडून तेलाच्या आगाराकडे जाणारी जमिनीखालची जुनी नळवाहिनी गळत होती. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, घराखालची माती तेलकट. ती खणून काढायची म्हटले तर घरे कोठे ठेवायची?

जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पेट्रोलपंपांसाठी सूचना काढल्या. नवा पंप शाळा, दवाखाना आणि निवासी वस्ती यांपासून ५० मीटर दूर असावा, अडचण असल्यास जादा खबरदारी घेऊन ३० मीटरपर्यंत यावे, त्याहून जवळ मुळीच नको. भूजल उथळ असेल तेथे टाकीला अधिक संरक्षण हवे. सूचना चांगल्या आहेत. पण त्यांत ‘नवा’ हा शब्द आहे. आपल्या शहरांतले पंप आधी आले आणि वस्ती त्यांच्या अंगावर नंतर चढली, किंवा दोघे बरोबरच वाढले. आमच्या शहरात एका जुन्या बंद पंपाच्या जागेवर आता सात मजली इमारत उभी आहे. खालच्या टाक्या काढल्या का, माती तपासली का, असे मी विक्रीच्या कचेरीत सहज विचारले. तेथल्या तरुणाने मला पार्किंगचा नकाशा दाखवला. सौ. म्हणाली, “तुम्हांला फ्लॅट घ्यायचा नाही, मग कशाला त्याला छळता?” प्रश्न बिनतोड होता. पण ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांच्यापैकी कोणी तो विचारला असेल असे मला वाटत नाही, आणि त्या इमारतीला बोअर आहे.

आपल्या पेट्रोलात आता शेकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाण्याशी मिसळून जाते. जमिनीतले सूक्ष्म जीव आधी त्याच्यावर ताव मारतात, त्यात तेथला प्राणवायू संपतो, आणि बेंझीन खाण्याचे काम मागे पडते. त्यामुळे बेंझीन अधिक दूर जाऊ शकते. एरवी हे जीव मोठे उपकारी आहेत. हवा आणि खाद्य नीट मिळाले तर ते तेलकट माती सावकाश शुद्ध करतात. तेलकट माती उकरून काढणे, जमिनीतल्या वाफा पंपाने ओढून घेणे, पाणी उपसून गाळणे, असे इतरही उपाय आहेत. सगळ्यांना वर्षे लागतात.

हवाईत पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. सुमारे चार हजार कुटुंबे घरे सोडून हॉटेलांत जाऊन राहिली. पाणी पुन्हा पिण्यायोग्य म्हणून जाहीर व्हायला मार्च २०२२ उजाडला. त्याच महिन्यात संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी टाक्या कायमच्या बंद करण्याची आज्ञा दिली. महायुद्धाच्या घाईत तीन वर्षांत बांधलेले ते भांडार नुसते रिकामे करण्याच्या तयारीलाच दीड वर्ष लागले, कारण जुने नळ आधी दुरुस्त केल्याशिवाय त्यांतून तेल सोडणे धोक्याचे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेल उतरवायला प्रारंभ झाला आणि १० कोटी ४० लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ ३९ कोटी लिटर तेल बाहेर काढण्यात आले. मे २०२५ मध्ये तेथल्या केंद्रीय न्यायालयाने १७ वादींना मिळून ६ लाख ८० हजार डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई दिली. हजारोंचे दावे त्यांच्या मागे रांगेत होते.

तेल गळाले त्या वेळी अर्नी लाउ यांच्या पाणीपुरवठा मंडळाने शेजारच्या हालावा खोऱ्यातील आपला मोठा पाणीस्रोत बंद करून टाकला होता. शहराच्या मुख्य भागाचे शेकडा वीस पाणी त्यातून येई. त्यात तेल सापडले होते म्हणून नव्हे. पंप चालू ठेवला तर तो खडकातले तेल आपल्याकडे ओढून घेईल, या भीतीने. २०२४ साल उजाडले तरी तो बंदच होता. टेकडीवर आणि खोऱ्यात जागोजाग निरीक्षण-विहिरी खणल्या आहेत. माणसे ठरलेल्या दिवशी येतात, नळी खाली सोडतात, बरणी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावतात, बरणीवर तारीख आणि विहिरीचा नंबर लिहितात आणि पुढच्या विहिरीकडे जातात.